तहकूब सभा

माझ्या थोरल्या दिरांशी मी लग्न झाल्यापासून एक शब्दही थेट बोलले नव्हते. भांडण काही नव्हतं, उलट मान होता. आमच्याकडं धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्यासमोर खाटेवर-खुर्चीवर बसायचं नाही आणि बोलायचं तर नाहीच नाही. काही सांगायचंच असलं तर जाऊबाईला सांगायचं, ती त्यांना सांगणार. ती घरात नसली तर भिंतीकडं बघून मोठ्यानं म्हणायचं, "चहा ठेवलाय म्हणावं." माणूस समोर बसलेला, आणि आपण भिंतीला निरोप द्यायचा. नवी होते तेव्हा मला याचं हसू यायचं. पुढं सवय झाली.

मग सरपंचपद बाईसाठी राखीव सुटलं. झरीच्या बाजारापासून थोडं आत आमचं गाव. त्याआधी तिथं दीरच सरपंच होते. जाऊबाईला सही येत नव्हती, मी बारावी झालेली, म्हणून फॉर्म माझ्या नावानं भरला. निवडून आले तेव्हा गुलाल दिरांच्या कपाळाला लागला, हारही त्यांच्याच गळ्यात पडला, आणि मी आत पुऱ्या तळत होते. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा त्याचं फारसं काही वाटलं नाही.

कारभार कसा चालायचा ते सांगते. ग्रामसेवकाला आमच्या गावात भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेब कागद घेऊन ओट्यावर दिरांपुढं बसायचे. तिथून कागद जाऊबाईच्या हातात, जाऊबाईकडून माझ्याकडं. "हितं सही कर म्हणायलेत." मी विचारायचे, कशाची आहे? जाऊबाई बाहेर जाऊन यायची आणि सांगायची, "नेहमीचंच हाय म्हणायलेत." ती बिचारी तरी काय करणार, तिच्याजवळ जेवढं दिलं तेवढंच ती आणणार. ग्रामसभेत मला अध्यक्षाची खुर्ची होती, पण दीर समोर असल्यावर तिच्यावर बसायचं कसं? मी बाजूला सतरंजीवर बसायचे, पदर पुढं ओढून. खुर्ची रिकामी राहायची आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर दीर. "सरपंचांचं म्हणणं असं आहे की," अशी ते सुरुवात करायचे, आणि माझं म्हणणं काय आहे ते मलाही तिथंच कळायचं.

दिवाळी झाली की आमच्या गावातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. गावाबाहेर गायरानावर एक वस्ती आहे, तिथली घरंच्या घरं ट्रकात बसून जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. जाताना दाराला कुलूप लावतात आणि कुत्री-शेळ्या घुसू नयेत म्हणून पुढं बाभळीची काटेरी फांदी टाकतात. ग्रामसभेपुढं मोठे विषय यायचे तेही नेमके याच दिवसांत. सभेला ठराविक माणूस लागतं. ते जमलं नाही की सभा तहकूब होते. तीच सभा पुढच्या आठवड्यात पुन्हा घेतली की मग तिला माणसांची अट राहत नाही. दहाजण बसले तरी ठराव पास होतो. सगळं नियमात बसतं, कुणाला बोट ठेवायला जागा नाही. दिरांना ही युक्ती कुणी शिकवली ठाऊक नाही, पण त्यांच्या हातात ती चांगली बसली होती.

त्या हिवाळ्यातली सभा अशीच तहकूब झाली. नेहमीप्रमाणे मी सही करून घरी आले आणि मेथी निवडता निवडता विषयांचा कागद सहज वाचायला घेतला. तो काही लपवलेला कागद नव्हता, ग्रामपंचायतीच्या भिंतीवरही चिकटवलेला होता. कुणी वाचत नाही, एवढंच. विषय होता गायरानाची जमीन सोलरच्या प्रकल्पाला द्यायला गावाची हरकत नसल्याचा. खाली लिहिलं होतं, सदर जागा मोकळी असून तिच्यावर कोणाचीही वस्ती नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग मला पटकन येतो, माहेरी सगळ्यांना माहीत आहे, सासरी मी तो गिळायला शिकले होते. मी जाऊबाईला म्हणाले, "विचारा त्यांना, वस्ती नाही म्हणजे काय? ती माणसं काय झाडावर राहतात?"

जाऊबाई गेली आणि आली. "कंपनीचे साहेब फोटू काढून गेलेत म्हणायलेत. समद्या दारांपुढं काटे हायत म्हणायलेत." मग माझ्याजवळ बसली, दोन काड्या मेथीच्या उचलल्या आणि स्वतःचं बोलली. "पोराला तितलं सपाटीचं अन् कुंपणाचं काम भेटनार हाय. तेच्यावरच जेसीबी घेतलाय त्यानं. तू गुमान ऱ्हा बाई. तुला काय करायचंय?"

तिचा पोरगा म्हणजे माझ्याच अंगाखांद्यावर वाढलेला. मला तिचाही राग धरता येईना आणि मेथीही निवडवेना. तहकूब सभेला आठवडा होता.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडी बघायला जाते म्हणून घरातून निघाले आणि अंगणवाडीच्या पुढं चालत गेले. सरपंच होऊन दोन वर्षं होत आली होती आणि त्या वस्तीत माझं पाऊल पडलं नव्हतं. काटे होते खरे. पण सगळ्या दारांना नव्हते. मधूनच एखाद्या घराच्या पत्र्यातून धूर निघत होता. एका दारात एक म्हातारी तांदूळ पाखडत बसली होती, दोन नातवंडं शाळेत गेलेली, तिसरं मांडीला टेकून झोपलेलं. पोरगा आणि सून तोडीला.

"मावशी, सभेची दवंडी ऐकली का?" मी विचारलं.

"कसली दवंडी? मारुतीच्या देवळावरला भोंगा हितपस्तोर कुठं येतोय?"

मी तिला सगळं सांगितलं. ती सूप हलवत ऐकत राहिली. संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, "मंजे पाडनार व्हय?"

"ठराव झाला तर पाडतील."

"अन् पोरं आल्यावर?"

तिनं सूप खाली ठेवलं. "ह्या पत्र्यासाठी माझ्या सुनेनं पोटुशी असताना मोळ्या उचलल्यात डोक्यावर. सातव्या म्हैन्यापस्तोर. तुमच्या साहेबाला ते फोटूत दिसलं न्हाई का?"

मी म्हणाले, "तुम्ही सभेला या. तुम्ही मतदार आहात."

"आमी? आमाला कोन मोजतंय बाई."

तिथं माझ्या लक्षात आलं की दिरांची चूक कुठं झाली होती. ट्रक गेले की वस्ती संपली, असं आमचं गावच धरून चालतं. शाळेतल्या लेकरांसाठी मागं राहिलेल्या आज्या, डोळे गेलेले बाबा, ऊस तोडायला निकामी झालेली माणसं, ही कुणाच्या गणतीत नसतात. पण त्यांचं मत तर गावातच होतं. मी म्हातारीला म्हणाले, पलीकडच्या आजीला सांगा, त्या बाबांना सांगा, जेवढे मागं राहिलेत तेवढे या. ती बघू म्हणाली. मी आणखी चार दारं फिरले आणि घरी आले.

घरी बातमी माझ्या आधी पोचली होती. मालक जेवायला बसले ते मान खाली घालून.

"तू म्हनं गायरानावर गेलतीस."

"गेले होते."

"अगं, विहीर एक, मोटार एक. पाण्याची पाळी दादा ठरवतात. गहू उभा हाय, हरभरा उभा हाय. तुला कळत न्हाई का?"

"तुम्हाला त्यांचं पटतंय का, तेवढं सांगा."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. मग म्हणाले, "न्हाई पटत. पन दादांसमोर माझं तोंड उघडत न्हाई. लहानपनापासून न्हाई उघडत." आणि तुकडा ताटात ठेवत, "घर फुटंल."

"फुटलं तर आपण दोन चुली मांडू," मी म्हणाले. "त्या लोकांची घरं पाडली तर त्यांनी चूल कुठं मांडायची?" हे मी फार जोरात बोलले. ओसरीत दीर होते, त्यांना ऐकू गेलं असणार. मालकांनी ताट तसंच सारलं आणि उठून गेले. पुढचे दिवस घरात कुणी कुणाशी कामापुरतंही नीट बोललं नाही. जाऊबाई निरोप आणेनाशी झाली.

सभेच्या आदल्या दिवशी पिठाच्या गिरणीत ती म्हातारी भेटली. गिरणीचा आवाज मोठा, तरी तिनं इकडंतिकडं बघितलं आणि माझ्या कानाशी आली. "बाई, आमचं काय जमत न्हाई उद्या. पोराचा फोन आलता. मुकादमानं शेजारी बसून फोन लावायला लावला त्याला. आई, सभेला जाऊ नगं म्हनला. गेलीस तर पुढल्या साली आमाला टोळीत घेनार न्हाईत."

मुकादम म्हणजे टोळ्या नेणारा माणूस. दिरांच्या जिवावर उभा राहिलेला. मी वस्तीत चार दारं फिरले होते, दिरांनी एका फोनवर सगळी वस्ती फिरवली होती. मी म्हणाले, "मावशी, माझा तुमच्यावर राग नाही." ते खोटं होतं. मला तिचा राग आला होता, दिरांचा आला होता, मालकांचा आला होता, आणि सगळ्यात जास्त भीती वाटत होती. पिठाचा डबा डोक्यावर घेऊन मी घरी आले.

सकाळी शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या. दिरांची नेहमीची माणसं, पुतण्याचे मित्र, पलीकडच्या आळीतले दोन-चार शेतकरी, मागं लिंबाखाली आमचे मालक. वस्तीकडून येणारा रस्ता रिकामा. रस्त्याच्या तोंडाशी पुतण्या मोटारसायकलला टेकून उभा होता, कुणाची वाट बघत होता ते मला समजलं.

मी गेले आणि खुर्चीवर बसले. पदर डोक्यावर होता, पण बसले खुर्चीवर. दिरांच्या शेजारी. पटांगणात कुजबूज झाली आणि थांबली. दिरांनी माझ्याकडं बघितलं नाही. "भाऊसाहेब, उरका," ते म्हणाले.

भाऊसाहेब माणूस वाईट नव्हते. बदलीला भिणारे होते. त्यांनी ठराव वाचला, सूचक म्हणून एकाचं नाव घेतलं, अनुमोदक म्हणून दुसऱ्याचं, आणि पायांकडं बघत म्हणाले, "कुणाची हरकत?" कुणी बोललं नाही. मी रस्त्याकडं बघितलं. कुणी नव्हतं. भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"थांबा," मी म्हणाले. मी मान वळवली आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्या माणसाच्या तोंडाकडं बघून बोलले. "दादा, गायरानावर किती घरं आहेत?"

पुढं बसलेल्या एकाचा तंबाखू मळणारा हात थांबला. दिरांचा चेहरा दगडासारखा झाला. ते भाऊसाहेबांना म्हणाले, "त्येंना सांगा, ठरावात लिहिलंय सगळं."

"मी भाऊसाहेबांना विचारलं नाही. तुम्हाला विचारतेय. ठराव तुम्ही आणलाय. गायरानावर किती घरं आहेत?"

"घरातल्या गोष्टी घरात बोलाव्या."

"घरात विचारलं होतं दादा. घरात उत्तर मिळालं नाही."

मला रडायला येत होतं आणि रडले असते तर सगळं तिथंच संपलं असतं. सूचक म्हणून नाव घेतलेला माणूस उठला आणि म्हणाला, "वैनी, मोठ्या मानसाची इज्जत ठेवा जरा. मतदान घ्या अन् मोकळं करा." हो हो, घ्या मतदान, असं दोन-तीन ठिकाणांहून आलं. मला वेळ काढायचा होता आणि काढायला काही उरलं नव्हतं. मी भाऊसाहेबांना ठराव पुन्हा एकदा वाचायला सांगितला. अध्यक्षांनी सांगितलंय म्हटल्यावर त्यांनी वाचला, सावकाश वाचला. त्या माणसाचे ते उपकार मी विसरणार नाही.

ते वाचत असतानाच शाळेच्या मागच्या बाजूनं, जिथं कंपाउंडची भिंत पडलेली आहे, तिथून म्हातारी आली. कडेवर नातू. तिच्या मागं दुसरी, मग एका बाबांच्या काठीचं टोक धरून तिसरी. रस्ता सोडून ती माणसं रानातून आली होती, लुगड्यांना कुसळं लागलेली होती. येऊन ती सगळ्यांच्या पुढं, मोकळ्या सतरंजीवर बसली.

"ह्यांना कोणी बोलवलं?" दीर म्हणाले.

"दवंडी पोचली नव्हती, म्हणून मी बोलवलं," मी म्हणाले. "भाऊसाहेब, हे मतदार आहेत का बघून घ्या."

भाऊसाहेबांनी एकेकाला नाव विचारलं, यादी बघितली. "आहेत."

"आता विचारा, राहता कुठं?"

"गायरानावर," म्हातारी म्हणाली. दुसरी म्हणाली, गायरानावर. बाबा म्हणाले, गायरानावर. एकामागून एक सगळ्यांनी तेच सांगितलं, आणि मोकळी जागा असं नुकतंच दोनदा वाचलेले भाऊसाहेब कागद उलटा ठेवून बसले. मी म्हातारीकडं बघितलं. काल नाही म्हणाली होती. तिला कळलं मला काय विचारायचं आहे. "पोराला उलटा फोन लावला," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "म्हनलं, टोळीत न्हाई घेतलं तर दुसरीकडं हात-पाय हलवशील. पन घरच न्हाई ऱ्हायलं तर माघारी येऊन बसशील कुठं? तर गप बसला."

मी हात वर करायला सांगितले. ठरावाच्या बाजूनं हात वर गेले ते पटकन गेले, बरेच होते. भाऊसाहेबांनी मोजले. मग विरोधात. वस्तीचे सगळे हात वर. पलीकडच्या आळीतल्या एका शेतकऱ्याचा. आणखी एकाचा. मी मनातल्या मनात मोजत होते आणि ते बरोबरीला येऊन थांबले. भाऊसाहेबांनी पुन्हा मोजायला घेतलं, कपाळावर घाम. बरोबरी झाली की अध्यक्षाचं मत निकाल लावतं, ते मी दिलं असतं, पण मला ते एकटीचं नको होतं. मी लिंबाखाली बघितलं. मालक पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. दीरही त्यांच्याकडंच बघत होते. मग मान खाली ठेवूनच त्यांनी हात वर केला, खांद्यापर्यंतच, पण केला. मला त्या माणसाची इतकी माया कधी आली नव्हती.

"ठराव नामंजूर," भाऊसाहेब म्हणाले आणि तसं लिहिलं.

दीर उठले. जाताना लिंबाखाली थांबले आणि धाकट्या भावाला म्हणाले, "विहिरीचं आता तुझं तू बघ." त्यांच्यामागं त्यांची माणसं गेली, रस्त्यावर मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. मी खुर्चीतून उठले नाही. संध्याकाळी घरात काय वाढून ठेवलंय ते मला दिसत होतं, तरी आतून मोकळं वाटत होतं. भाऊसाहेब सतरंज्या गोळा करायला सांगत होते.

"एक इचारायचंय," म्हातारी म्हणाली.

"विचारा की मावशी." मला वाटलं आभार मानतील.

ती उभी राहिली. "ह्या खुर्चीवर तुमी दोन वर्सं झाली हाव. आमच्या जागा आमच्या नावावर कामून न्हाईत? आज ह्यांनी काढलं, उद्या दुसरा काढंल. आमी दर साली रानातून पळत यायचं का? कोनी अडवलंय ते, का कोनी केलंच न्हाई?"

मला राग आला. ज्यांच्यासाठी आत्ता घर मोडून बसले त्यांनी हे विचारावं? तोंडापर्यंत आलं होतं, हे सगळं दादांचं काम, माझ्या हातात काय होतं. मी शेजारच्या खुर्चीकडं बघितलं. ती रिकामी होती. म्हातारी टोमणा मारत नव्हती. मी दिरांना विचारलं होतं तसंच, माझ्या तोंडाकडं बघून, ती विचारत होती आणि उत्तरासाठी थांबली होती.

"कुणी अडवलं नाही," मी म्हणाले. "केलंच नाही. मी पण नाही."

"मग कवा करताव?"

भाऊसाहेब हळूच म्हणाले, तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही. मी ते तिला मोठ्यानं सांगितलं. पुढची सभा टोळ्या परत आल्यावर घेऊ, म्हणाले.

"टोळ्या कवाबी येतेत. वार सांगा."

"गुढीपाडव्यानंतरचा सोमवार. दवंडी वस्तीत येऊन देऊ. ठरावही घेऊ आणि तहसीलला अर्ज घेऊन मी स्वतः परभणीला जाईन."

तिनं मागं वळून बाकीच्यांना विचारलं, ऐकलंव ना समद्यांनी? बाबांनी मान हलवली. मग तिनं नातवाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि परत माझ्याकडं वळली. "अन् न्हाई झालं तर कोनाला इचारायचं?"

आमच्या गावात या प्रश्नाला एकच उत्तर होतं, आमच्या घरातल्या थोरल्याला, आणि ते माझ्या सासऱ्यांच्या काळापासून चालत आलेलं होतं. मालक लिंबाखालून उठून जवळ आले होते. भाऊसाहेब पेन हातात धरून थांबले होते.

"मला," मी म्हणाले. "मलाच विचारायचं."